संयमाचा सत्कार नको

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मी गाव सोडलं. आमच्या गावात तेव्हा एस.टी. येत नव्हती, फाट्यावर जाऊन उभं राहावं लागे. त्या सकाळी पुढे दादा, मध्ये मी आणि मागे आक्का असे आम्ही बैलगाडीच्या चाकोरीतून फाट्याकडे निघालो. दादा म्हणजे माझे वडील, घोंगड्या विणायचे. आक्का माझी थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालून शाळेत हाकलणारी आक्काच. तिच्या कडेवर तान्ही मंगल होती. मला निरोप द्यायला ती मुद्दाम सासरहून आली होती.

धुरळा उडवत गाडी आली तेव्हा दादा म्हणाले, "कुनाच्या तोंडी लागू नगंस. कळ काढ. कळ काढनाऱ्याचं वाईट हुत न्हाई."

आक्का लगेच म्हणाली, "आन लईच कळ आली तर बोंबल. नुसता मुका बसशील. तुझी खोडच हाय ती."

कंडक्टरसुद्धा हसला. मला हसू आलं नाही. खिडकीशी बसून मी दोघांकडे पाहत राहिलो, आणि गाडी हलल्यावर हात वर करायचंही सुचलं नाही. बापाने सांगितलेलं मी पुढे कितीतरी वर्षं पाळलं. बहिणीने सांगितलेलं पाळलं नाही. आज मी जे काही लिहिणार आहे ते एवढंच आहे, पण ते सांगायला मला वीस वर्षं लागली.

आमच्या तालुक्यातून इकडे पिंपरी-चिंचवडला आलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. यंदा ते स्मरणिका काढताहेत. चिटणीस परवा घरी आले आणि म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं टेंपररी म्हणून काढलीत, कधी आवाज चढवला नाही, शेवटी परमनंट झालात, बहिणीलाही आधार दिलात. तुमच्या संयमाबद्दल चार शब्द लिहा, तरुण पोरांना शिकवण मिळेल. वार्षिक समारंभात शाल-नारळही देणार म्हणाले. मी मान हलवली. मान हलवायची सवय आहे मला. ते गेल्यावर मात्र कागद पुढे घेऊन बसलो आणि लक्षात आलं की, ह्या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. शाल नको. त्याऐवजी तुम्ही हे वाचा. गावात राहिलेल्यांनी वाचा आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनी तर वाचाच.

तेव्हाची पिंपरी आता सांगून खरी वाटणार नाही. हायवेच्या एका अंगाला कारखान्याची उंच भिंत आणि दुसऱ्या अंगाला बाजरी. वारा फिरला की औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास अख्ख्या रानावर पसरायचा. खराळवाडीत एका पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. शिफ्टा वेगवेगळ्या, म्हणून अंथरुणं दोनच. मी पहिल्या शिफ्टवरून आलो की माझी सतरंजी अजून दुसऱ्याच्या अंगाने ऊबदार असायची. मला लेथवर घेतलं. मशीनवर पडणारं दुधासारखं पांढरं पाणी, लोखंडाची कुरळी साल, कढत कापल्याचा वास. महिनाभरात हाताचा लोकरीचा वास गेला आणि तेलाचा लागला.

आम्हा टेंपररी लोकांची हजेरीची कार्डं पिवळी होती, परमनंटवाल्यांची पांढरी. टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी रॅक होता, त्यात ती ओळीने लावलेली असत. सहा महिने भरत आले की एका सकाळी आपलं पिवळं कार्ड रॅकमध्ये नसायचं. टाइमकीपर खिडकीतून नुसता म्हणायचा, ब्रेक. म्हणजे नोकरी संपली. थोड्या दिवसांनी परत यायचं, साहेबाची मर्जी असेल तर नवं कार्ड, परत पहिल्यापासून मोजणी. सलग नोकरी भरू द्यायची नाही, म्हणजे कायम करा असं म्हणायला तोंड राहात नाही. हा धंदा एकट्या आमच्या कंपनीत नव्हता. ज्यांनी ह्या पट्ट्यात त्या काळात काम केलं त्यांना 'ब्रेक' शब्द ऐकला की अजून तो रॅक दिसतो. गाडीचा ब्रेक म्हटलं तरी.

पहिला ब्रेक मिळाला तेव्हा मी गावी गेलो. दुसरीकडे जाणार कुठे? इस्त्रीचा शर्ट घालून, बिस्किटांचा पुडा घेऊन उतरलो. दादांनी विचारलं, कसा काय आलास? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की रजा मिळाली. कंपनीची रजा. पगारी.

झालं. दादांनी ते पारावर जाऊन सांगितलं. दर सहा महिन्यांनी पोराला कंपनी पगारी रजा देते, लई मोठ्या मनाची कंपनी हाय. एक म्हातारा म्हणाला, आमच्या बैलालाबी येवढी रजा न्हाई. सगळे हसले, मीही हसलो. पुढे प्रत्येक ब्रेकला मी असाच जायचो आणि दादा तसंच सांगायचे. गावात माझी इतकी चांगली नोकरी कुणाचीच नव्हती. कामगारांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी हेच केलं आहे ते मला माहीत आहे. आपण सगळे रजेवरच जायचो.

माझ्यानंतर वर्षभरात आक्का सासरहून परत आली. नवऱ्याने दुसरी आणली होती. सुरुवातीला काही महिने ती माहेरपणाला आलीय असं सगळीकडे म्हणत होती, मग म्हणायचं थांबली. मंगल तेव्हा चालायला लागली होती. दादांच्या मागाशेजारी बसून आक्का लोकर पिंजायची, सूत काढायची, आणि मी गेलो की मला एकच विचारायची: मला नेतोस का पिंपरीला? मी म्हणायचो, परमनंट झालो की नेतो. खोली बघू, व्यवस्थित जाऊ. थोडा धीर धर. तिला वाटायचं, एवढी रजा देणारी कंपनी, परमनंट करायला किती वेळ लावणार?

मंगल पाच वर्षांची झाली. शाळेचे गुरुजी नाव घालायला घरी आले. आक्का म्हणाली, आता हितं कशाला घालायचं, आमी दिवाळीनंतर पिंपरीला जानार, तिथल्या शाळंत घालू. मीच तसं सांगितलं होतं. दिवाळी झाली, मग पाडवा म्हटलं. पाडवा झाला, मग पुढचा जून. असे जून गेले. एकदा घातलेलं नाव दुसरीकडे न्यायला दाखला लागतो, त्याचा घोळ होतो, त्यापेक्षा एकदाच तिकडे घालू, असा आमचा शहाणपणा. पोर मागाखाली बसून लोकरीचे गुंडे लावायची आणि गावातल्या पोरी पाटी घेऊन दारावरून जायच्या. मी ते पाहिलं आहे. ब्रेकवर असताना, इस्त्रीच्या शर्टात, ओट्यावर बसून पाहिलं आहे.

एकाहत्तरच्या सुरुवातीला कंपनीत आम्ही टेंपररी लोकांनी मिळून एक अर्ज दिला, की आम्हाला कायम करा. उत्तर म्हणून इंग्रजीत नोटीस लागली. मी मॅट्रिक आणि अक्षर बरं, म्हणून टाइम ऑफिसने मला बोलावून तिचं मराठी करून खडूने फळ्यावर लिहायला सांगितलं. नोटीस छोटीच होती. तिचा मतलब असा, की प्रश्न विचाराधीन आहे, आणि आजवर तात्पुरत्या कामगारांनी दाखवलेल्या फॉरबेअरन्सची कंपनीला कदर आहे, पुढेही त्यांनी तो तसाच दाखवावा. हा शब्द मला अडला. विचारायचं कुणाला? मागचा-पुढचा अंदाज घेऊन मी लिहिलं, सहनशीलता.

फळ्यापुढे गर्दी झाली. माझा खोलीतला सोबती सावंत, देवगडकडचा, मिलिंग मशीनवर होता. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "सहनशीलता? ती तर गावाहून येतानाच गोणीत भरून आणलीय, भावा. आणि किती हवीय त्यांना, विचार तरी." हशा पिकला. हशा संपला तशी माणसं आपापल्या मशीनवर गेली. प्रश्न तिथेच मिटला. तो माझ्या शब्दाने मिटला असं मला वाटलं, आणि ते मनात राहिलं.

पिंपरी कॅम्पात लछमनदास नावाचे एक सिंधी गृहस्थ रद्दीचं दुकान चालवत. फाळणीआधी कराचीत एका वकिलाकडे मुन्शी होते. जुनी मासिकं घ्यायला मी त्यांच्याकडे जात असे. त्यांच्याकडे कव्हर फाटलेली एक जाड इंग्रजी डिक्शनरी होती, ती ते विकत नसत. रविवारी दुपारी मी तिच्यात तो शब्द काढला.

शब्दाला दोन अंगं होती आणि मागे एक शेपटी. बेअर म्हणजे वाहून नेणं, अंगावर घेणं. त्याच्या आधीचं फॉर हे जुन्या इंग्रजीतलं, एखादी गोष्ट पुरती, शेवटपर्यंत करण्याचा जोर आणणारं. आपण 'सोसणं'च्या आधी 'पार' लावावं तसं काहीतरी. शेपटी फ्रेंचांकडून आलेली. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज हा शब्द बिनशेपटीचा वापरायचा तेव्हा त्याला म्हणायचं असायचं, अंगावर घेतलं आणि हात उगारला नाही. इथपर्यंत माझी सहनशीलता चालून गेली असती. पण त्याखाली आणखी एक अर्थ होता, कोर्टकचेरीचा, आणि शब्दाचं हे रूप आधी त्याच कामी आलं असं लिहिलं होतं. ज्याचं येणं आहे, ते वसूल करण्याचा ज्याला हक्क आहे, त्याने तो हक्क असूनही हात आखडता घेणं.

मी लछमनदासांना विचारलं, हे बरोबर आहे का? ते रद्दीच्या गठ्ठ्याला दोरीची गाठ मारत होते. म्हणाले, कोर्टात हाच अर्थ. मग मान वर करून म्हणाले, "हक जिसके हाथ में है, वो हाथ रोकता है. खाली हाथ क्या रोकेगा?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लोग बोलते हैं सिंधी लोगों ने बहुत सब्र किया. काहे का सब्र, भाई? हमारे हाथ में था क्या?"

मी तिथून चालत निघालो तो खराळवाडीला न वळता तसाच पुढे चिंचवडपर्यंत गेलो. डोक्यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही एकाच शब्दातून निघाल्या होत्या.

पहिली, कंपनीने आमच्याकडे सहनशीलता मागितलीच नव्हती. तिने लिहून दिलं होतं की तुमचा हक्क आहे, फक्त हात आखडता घ्या. इंग्रजी लिहिणाऱ्या साहेबाला तो शब्द नुसता सभ्य वाटला असेल. पण शब्द बोलून गेला. आणि मी त्या हक्काचं मराठीत सोसणं करून टाकलं. का केलं? इंग्रजी कच्चं होतं हे खरं. पण दुसरं कारण जास्त खरं आहे. मला दुसरं काही सुचूच शकत नव्हतं. आपल्याकडे ह्या जागी जितके शब्द आहेत, धीर, सबुरी, दम, कळ काढणं, ते सगळे सोसणाऱ्याच्या बाजूचे. ज्याच्या हातात काही आहे त्याने हात आवरावा, ह्याला घरगुती शब्द आमच्या घरात तरी मी ऐकला नव्हता. तसा प्रसंगच कधी आला नव्हता.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. मी इतकी वर्षं आक्काला जे धीर धर म्हणत होतो, ते कोणत्या अर्थाने? तिचा माझ्यावर हक्क होता. तिने मला वाढवलं होतं. खोली होती, लहान का असेना. मला तिला नेता येत होतं. परमनंट झालेला भाऊ म्हणून मला गावात मिरवत न्यायचं होतं, पिवळ्या कार्डाचा भाऊ म्हणून नव्हे. साहेब माझ्याशी जे वागत होता तेच मी तिच्याशी वागत होतो. सहा महिने झाले की परत पहिल्यापासून.

सोमवारी मी सावंतला आणि बाकीच्यांना सांगितलं, की फळ्यावर मी चुकीचं लिहिलं. खरा अर्थ सांगितला. मला वाटलं चिडतील. सावंत म्हणाला, मग पुढच्या ब्रेकला गावी जायचं नाही, गेटवर यायचं, कार्ड कुठाय विचारायचं. असं ठरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं कार्ड रॅकमधून गेलं. मी सावंतला म्हणालो, गेटवर येतो, पण आधी एकदाच गावी जाऊन येतो. तो म्हणाला, जाशील आणि बिस्किटं वाटत बसशील. मी म्हणालो, नाही.

ह्या खेपेला मी पुडा नेला नाही. सकाळी पोचलो तेव्हा दादा मागावर होते, आक्का लोकर पिंजत होती. दादांनी विचारलं, रजा? मी उभ्या उभ्याच सांगितलं. ही रजा नाही. ह्याआधीची एकही रजा नव्हती. मला दर खेपेला काढून टाकतात आणि परत घेतात. मी टेंपररी आहे, आणि परमनंट कधी होईन हे मला ठाऊक नाही.

दादांचा माग चालूच राहिला, पण सुताचा धोटा चुकला तो मला ऐकू आला. आक्काने हातातली लोकर खाली ठेवली. रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी आले तवा गावाला काय सांगितलं हुतं? म्हायेरपनाला आलीय. तू बी तसाच येत हुतास. तुझं तोंड बघूनच वळखलं हुतं मी. म्हनलं, आपनहून सांगंल."

तिने मंगलकडे पाहिलं आणि मग तिचा आवाज बदलला. "पर पोरीचं नाव मी तुझ्या जिवावर शाळंत घातलं न्हाई. त्येवढं मातर सांगायचं हुतंस, दत्तू. तुला परमनंट व्हायचं हुतं. मला कुटं व्हायचं हुतं?"

 

ती उठली, आत गेली, आणि बाहेर आली ती बोचकं घेऊनच. दादा म्हणाले, जरा दम धर, पाऊसपानी होऊ दे, मग बघू. ती म्हणाली, न्हाई. एवढंच. दादा फाट्यावर आले नाहीत. त्यांनी एक नवी घोंगडी मंगलच्या डोक्यावर ठेवली आणि तोंड फिरवलं. मागाच्या खड्ड्यात एकटा माणूस बसलेला मला गाडीत सगळ्या वाटेने दिसत होता. तोही माझाच हिशेब आहे.

पिंपरीत आल्यावर सावंतने आपली सतरंजी गुंडाळून आम्हाला खोली मोकळी करून दिली, बाकीचे दोघंही दुसरीकडे गेले. आक्काने चार दिवसांत काम शोधलं. चिंचवडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मोटारींच्या कॉइल गुंडाळायला बायका घेत होते. केसासारखी तांब्याची तार तुटू न देता ओढायची; लोकरीच्या सुतावर आयुष्य काढलेल्या बोटांना ते शिकवावं लागलं नाही. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी तिला थांबवलं, ती मिळायला चार दिवस पुरे होते. सहा महिन्यांनी मालकाने तिलाही ब्रेक दिला. ती म्हणाली, ब्रेक मला ठावं हाय, आमच्या घरात लई येऊन गेलेत. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी गेली, आपल्या स्टुलावर बसली आणि तार गुंडाळायला लागली. मालक जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. ती माझ्या आधी कायम झाली. मी बहिणीला आधार दिला असं जे चिटणीस म्हणतात, त्यांनी ह्या वाक्यापाशी जरा थांबावं.

मंगलला जूनमध्ये शाळेत घातलं. नऊ वर्षांची पोर पहिलीत. पहिल्या दिवशी एक चिमुरडा तिच्यापुढे करंगळी वर करून उभा राहिला आणि म्हणाला, बाई, जाऊ? आक्का हे हसून हसून सांगायची. मी त्या वेळी काहीतरी शोधायला उठत असे. मंगल आता दहावी झाली. तिच्या बरोबरीच्या पोरी कडेवर पोर घेऊन माहेरी येतात त्या वयात झाली. ती मला कधी बोलली नाही. पण तिचा तो संयम आहे असं कुणी म्हणू नये. तिने बोलायचं ठरवलं तर तिच्या हातात पुष्कळ आहे, हे तिला आणि मला, दोघांनाही माहीत आहे. म्हणून तिच्यापुरता तो इंग्रजी शब्द खरा.

गेटवर आम्ही उभे राहिलो. पहिल्या शिफ्टच्या वेळी, ब्रेक मिळालेले आम्ही पाच-सहाजण, रोज. वॉचमन हाकलायचा, ओळखीचे परमनंटवाले मान खाली घालून आत जायचे. कुणी घोषणा दिल्या नाहीत. टाइमकीपर बाहेर आला की सावंत विचारायचा, कार्ड कुठाय? एवढंच. पुढे केस झाली, तारखा पडत राहिल्या. शेवटी मला आणि दोघांना कामावर कायम घेतलं. सावंतला घेतलं नाही. निकालाआधीच त्याच्या बायकोने देवगडहून निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं होतं. स्टँडवर त्याला सोडायला गेलो तेव्हा तो म्हणाला, पांढरं कार्ड मिळालं की फळ्यावर लिही, पण ह्या वेळी नीट लिही. मी काय लिहिणार? इतकी वर्षं मी गप्प राहिलो त्याला माझे लोक संयम म्हणतात. ती भीती होती. माझा हात रिकामा होता आणि रिकामा हात मी आवरून धरल्याचं सोंग केलं. आणि जिथे माझा हात भरलेला होता, माझ्या बहिणीच्या बाबतीत, तिथे मी तो उघडला नाही. ज्याचा सत्कार करायचा तो संयम ह्या दोन्हींत कुठे आहे, तो मला कुणीतरी दाखवावा.

आणि तरुण पोरांना शिकवण द्यायची असेल तर माझी ही: तुमच्याकडे कुणी धीर मागितला तर आधी विचारा, माझं काय तुमच्याकडे अडकलंय? काही अडकलेलं नसेल तर तो धीर मागणार नाही.

दादा शेवटची दोन वर्षं इकडे येऊन राहिले. मी कायम झालो होतो, माझं लग्न झालं होतं, दोन खोल्यांचं घर होतं. ते आक्काकडे राहिले, काळेवाडीला, एका खोलीत. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा रिवाजात वाढलेला माणूस. पहिल्या दिवशी ते उंबऱ्याबाहेर बसून राहिले. आक्काने ताट बाहेर नेलं नाही. आतून म्हणाली, भाकर हितं हाय. संध्याकाळी ते आत आले आणि मग आतलेच झाले. मला कधी म्हणाले नाहीत की तुझ्याकडे का नाही राहात. मी विचारलं नाही. माणसाला कुठे राहावंसं वाटतं ह्याचा अर्ज करता येत नाही.

ऐंशीच्या थंडीत एका दुपारी ते तिथेच गेले. भावकीतली इकडची माणसं जमली, गावाहून चुलते आले. चुलत्यांनी येताच टेंपोची भाषा काढली. गावात घर असताना बाप लेकीच्या दारातून न्यायचा? लोक काय म्हणतील? मातीला गावच बरं. इतर चारपाच जणांनीही माना हलवल्या. मग चुलते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तू समजूतदार हायस, लहानपनापासनं. तिला समजाव.

आक्का दादांच्या उशाशी बसली होती. तिने वर पाहिलंही नाही. म्हणाली, "दादा घरीच हाय. कुटं न्यायचा?"

सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला कळत होतं की मी आता मान हलवेन अशी त्यांची खात्री आहे. माझीही होती. मी म्हणालो, "ती म्हणते तसंच होईल. नदीवर चला."

माझा आवाज काही मोठा नव्हता. पण चुलत्यांनी पायांत वहाणा चढवल्या आणि ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आता ते गावाला परत जाणार असं सगळ्यांना वाटलं. आम्ही दादांना बाहेर काढलं. पुढे मी होतो, आणि माझ्या जोडीने, बायकांनी येऊ नये असं सगळे म्हणत असतानाही, आक्का. चुलते होते तिथेच उभे होते. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो तसे ते बाजूला सरले, क्षणभर घुटमळले, आणि मग तिरडी धरलेल्या शेजारच्या एका पोराच्या खांद्याला हात लावून, त्याला मागे करून, त्यांनी स्वतःचा खांदा दिला.

पवना नदीवरून परत आल्यावर आक्काने दारात सगळ्यांसाठी पाणी तापवलं. तुम्ही मंडळातले लोक भेटलात की विचारता, घरी कधी जाणार? गावच्या त्या घराला कुलूप आहे, ते तुमच्या चांगलं ध्यानात आहे. मी आता सरळ सांगतो. जिथून कुणी आपल्याला रजेवर पाठवत नाही आणि जिथे पोचल्यावर रजा मिळाली असं सांगावं लागत नाही, ते घर. माझ्या बाबतीत ते काळेवाडीला आहे आणि ते माझ्या बहिणीने उभं केलं आहे. मी तिथे जातो, ती दारात असली तर विचारते, "आलास?" मी म्हणतो, "आलो." का आलास हे ती विचारत नाही.